विकास सोंग करत नाही

सिडनी
१६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आप्पा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे मजेत. अन्वीची शाळा डिसेंबरात सुटेल, मग तिला व्हिडिओ कॉलवर तासभर पाढे म्हणायला लावा, तुमचाही वेळ जाईल.

आज पत्र लिहायला बसले ते तात्या-काकूंच्या विकाससाठी. हळदीच्या रात्री डोकं आपटल्यापासून तो बदललाय, आणि हे फोनवर बोलता येत नाही. तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, तात्या शेजारी असतात, काकू मधेच रडायला लागते आणि विकास दारात उभा राहून सगळं ऐकत असतो. त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलायला मला जमत नाही. आधी तुम्ही एकट्याने वाचा. मग तात्यांना वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

मागच्या रविवारी काकू म्हणाली, "दूध करपून घरभर धूर झाला, आणि हा पठ्ठ्या शेगडीपुढं बसून मोबाईल बघतोय. एवढं सोंग कुणी करतं का?" तेव्हापासून ते करपलेलं दूध माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्ही एक करा. विकासला डोळे मिटायला सांगा आणि नाकाखाली कॉफीची पूड धरा, नंतर ठेचलेला लसूण. काय आहे ते त्याला सांगता येणार नाही, अशी मला जवळजवळ खात्री आहे.

नाकाच्या वरच्या हाडाला बारीक बारीक भोकं असतात. वासाच्या नसा त्यातून मेंदूत जातात. माणूस उताणा पडून डोक्याची मागची बाजू आपटली की आतला मेंदू गाडग्यातल्या दह्यासारखा हिसकतो आणि त्या नसा तुटतात. मार लागतो मागे, पण पुष्कळदा जास्त नासधूस होते पुढे, कपाळाच्या आत, कारण तिथं कवटीचा तळ खडबडीत असतो आणि मेंदू त्यावर घासतो. आता हा पुढचा भाग काय करतो ते ऐका. सकाळी अंथरुणातून उठवतो, एक काम संपलं की दुसऱ्याला हात घालायला लावतो, तोंडावर ताबा ठेवतो, समोरच्याला काय वाटेल याची आठवण देतो. विकासचं नेमकं हेच सगळं बिघडलंय. तात्या त्याला आळस म्हणतात, काकू सोंग म्हणते, आणि आई, तू परवा "लग्न लावून दिलं की येईल ताळ्यावर" म्हणालीस. असलं काही मनातसुद्धा आणू नकोस. कुणाच्या तरी पोरीचं वाटोळं होईल.

मी इथं काय काम करते हे तुम्हाला अजून नीट सांगता येत नाही, चारचौघांत तुम्ही "फिजिओसारखं काहीतरी" म्हणता. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. डोक्याला मार लागलेल्या माणसाला पुन्हा अंघोळ, स्वयंपाक, बसचा प्रवास, पैशाचे हिशेब जमतात का ते बघायचं आणि जमत नसतील तर शिकवायचं. वॉर्डात अपघाताचे पेशंट असतात, शिडीवरून पडलेले असतात, घरात घसरून पडलेली म्हातारी माणसं असतात. आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्रीचे असतात. पबच्या दारात, टॅक्सीच्या रांगेत, कबाबच्या दुकानापुढे कुणी कुणाला धक्का दिला, कुणी कुणाच्या मैत्रिणीकडे बघितलं, एवढ्यावरून. बहुतेक विशी-तिशीतली पोरं. मारणाऱ्याने घेतलेली असते आणि पुष्कळदा मार खाणाऱ्यानेही.

तुम्ही हेडमास्तर होतात, तेव्हा आमची एक परीक्षा तुम्हाला आवडेल. वेस्टमीड स्केल म्हणतात, याच शहरात तयार झाली, आणि रोज तेच बारा प्रश्न. तुझं वय किती, जन्मतारीख काय, महिना कोणता, वार कोणता, साल कोणतं, आत्ता सकाळ की दुपार, ही जागा कोणती. मला आधी कधी पाहिलंयस का, माझं नाव काय. आणि काल दाखवलेली तीन चित्रं यातून ओळख. ओळीने तीन दिवस बारापैकी बारा मिळाले तरच पास. तोवर समजायचं की माणूस जागा आहे, बोलतो आहे, विनोदही करतो आहे, पण मेंदू अजून काहीही साठवून ठेवत नाहीये. ही अवस्था एक दिवसापेक्षा जास्त टिकली तर मार गंभीर, आठवड्याच्या पुढे गेली तर अतिगंभीर. विकासने दवाखान्यात असताना तात्यांना रोज विचारलं होतं ना, की हळद कुणाची होती? तुम्ही सगळे हसत होतात. ते असं किती दिवस चाललं, हे काकूला नीट आठवून लिहून ठेवायला सांगा. दवाखान्याच्या सगळ्या कागदांपेक्षा डॉक्टरला त्याचाच जास्त उपयोग होईल.

इथला एक मुलगा सांगते. नाव-गाव सांगायचं नाही, खुणाही थोड्या बदलल्यात. छपराचं काम शिकत होता. कुणीतरी एकच ठोसा मारला, तो सरळ मागे फुटपाथवर. शुद्ध गेलेली असते, म्हणून माणूस पडताना हातसुद्धा टेकत नाही. उभ्या उंचीवरून सगळं वजन घेऊन डोकं खाली येतं. ठोशापेक्षा जास्त घात त्या पडण्याने होतो. आता तो चालतो, बोलतो, क्रिकेटचा स्कोअर सांगतो. पण मी त्याला चहा आणि टोस्ट करायला सांगितलं, तर पाणी उकळल्यावर किटलीकडे बघत उभा राहिला. पुढे काय करायचं हे त्याला माहीत होतं, विचारलं तर बरोबर सांगितलंही. सुरुवातच होईना. मी म्हटलं, "कप घे," तेव्हा हात हलला. दुपारी चार-चार तास झोपतो, पोरांचा गलका झाला की भांडी आपटतो. मैत्रीण काही महिने थांबली, मग गेली. आई नोकरी सोडून घरी बसली आहे. आणि रस्त्यात भेटणारे लोक तिला म्हणतात, "अरे वा, एकदम बरा दिसतोय की!"

छाटणीनंतर विकासने द्राक्षाच्या काही ओळींना डोळे फुटायची पेस्ट दोनदा लावली आणि पलीकडच्या ओळी कोरड्याच सोडल्या, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला तो किटलीपुढचा मुलगाच दिसला. बागेचं नुकसान झालं, तात्यांचा राग मला कळतो. पण ज्या पोराने बेदाण्याचा सगळा हिशेब तोंडपाठ ठेवला, तो मुद्दाम असं करेल का?

आप्पा, तुम्हाला डेव्हिड हूक्स आठवतोय? १९७७ च्या मेलबर्नच्या शतकमहोत्सवी कसोटीत टोनी ग्रेगला ओळीने पाच चौकार मारणारा. तुम्ही ती गोष्ट आम्हाला किती वेळा सांगितली असेल. २००४ मध्ये तो व्हिक्टोरियाचा कोच होता. १८ जानेवारीला तुम्ही आणि तात्या टीव्हीसमोर होतात, ब्रिस्बेनला लक्ष्मणचं शतक झालं आणि आपण जिंकलो. त्याच रात्री मेलबर्नमध्ये एका हॉटेलबाहेर बाचाबाची झाली, बाउन्सरच्या ठोशाने हूक्स खाली पडला, डोकं रस्त्यावर आपटलं. दुसऱ्या दिवशी गेला. वय ४८. बाउन्सर पुढे निर्दोष सुटला, ज्यूरीने त्याचा स्वसंरक्षणाचा बचाव मान्य केला. कोर्टात कुणाचं खरं, हा वेगळा विषय. डांबराला त्याच्याशी देणंघेणं नसतं.

सिडनीत लोक खवळले ते २०१२ पासून. थॉमस केली नावाचा १८ वर्षांचा मुलगा किंग्ज क्रॉस या पब-क्लबच्या भागात टॅक्सीतून उतरला, रात्रीचे दहा वाजले होते, हातात फोन. दारू पिऊन फिरणाऱ्या एका अनोळखी मुलाने येता-जाता ठोसा मारला. दोन दिवसांनी यंत्रं बंद करावी लागली. मारणारासुद्धा अठराचाच. त्याला आधी झालेली शिक्षा लोकांना फारच कमी वाटली. अपिलात ती वाढून किमान १० वर्षं २ महिने झाली. २०१३ च्या ३१ डिसेंबरला त्याच रस्त्यावर डॅनियल क्रिस्टी हा आणखी एक अठरा वर्षांचा मुलगा तसाच पडला आणि अकरा दिवसांनी गेला. मग २०१४ च्या जानेवारीत सरकारने कायदा केला: नशेत ठोसा मारला आणि माणूस मेला तर किमान ८ वर्षं, कमाल २५. शहराच्या त्या भागात रात्री दीडनंतर पबमध्ये नवीन माणसाला प्रवेश बंद, तीनला दारू बंद. पहिल्या काही महिन्यांतच किंग्ज क्रॉसमधल्या मारामाऱ्या ३२ टक्क्यांनी घटल्या. पण धंदा बुडाला, गाण्याबजावण्याच्या जागा ओस पडल्या म्हणून ओरड झाली, आणि २०२० ते २०२१ मध्ये ही वेळेची बंधनं उठवली. माझं विचाराल तर ती राहायला हवी होती. पण मला रात्री दोन वाजता गाणी ऐकायची नसतात, तेव्हा माझ्या मताला किती किंमत द्यायची ते बघा.

केलींच्या घरचं तेवढ्यावर थांबलं नाही. चार वर्षांनी थॉमसच्या धाकट्या भावाने स्वतःचं आयुष्य संपवलं. हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. आपल्याकडे सगळं घर विकासभोवती फिरतंय आणि त्याची धाकटी बहीण बारावीला आहे, तिच्याशी गेल्या सहा महिन्यांत कुणी धड बोललंय का, म्हणून लिहिते.

आता हळदीच्या रात्रीचं. डीजेपुढे पायावर पाय पडला, शिवी गेली, एक फटका बसला, विकास काँक्रीटवर पडला. आणि मग चार शहाण्यांनी त्याला उचलून मांडवामागे बाजेवर टाकलं. "जास्त झालीय, झोपू दे." घोरत होता, उलटी झाली, तरी सकाळपर्यंत कुणी हलवलं नाही. इथंही असंच होतं, फक्त बाजेऐवजी सोफा असतो. दारूच्या गुंगीत आणि मेंदूत रक्त साचल्याच्या गुंगीत बाहेरून फरक दिसत नाही. काहीजण तर पडल्यावर उठतात, दोन-तीन तास बरे बोलतात आणि मग झोपेतच जातात. प्यालेला माणूस डोक्यावर पडला की त्याला झोपवायचं नाही, दवाखान्यात न्यायचं, उलटी आली तर कुशीवर करायचं. यात्रेच्या आधी हे मंडळाच्या पोरांना तुम्ही स्वतः सांगा. तुमच्या छडीची आठवण असलेले अजून बरेच आहेत.

आता कागदाचं. समोरच्या पार्टीने दवाखान्याचं बिल भरलं, वर थोडे पैसे देतायत आणि "मुलगा पूर्ण बरा झाला, आमची काही तक्रार नाही" असं लिहून मागतायत, बरोबर? तात्यांना म्हणावं, सही करू नका. मिटवायला माझी ना नाही, एकाच गावात राहायचंय. पण "पूर्ण बरा" हे खोटं आहे. विकासला पुढे वर्षानुवर्षं कुणाच्या तरी लक्षाखाली काम करावं लागेल, फिट येण्याचा धोका राहील, त्याचा खर्च कुठून येणार? नव्या न्याय संहितेत दुखापतीने कायमचं अपंगत्व आलं तर किमान दहा वर्षांची सजा आहे. आपल्या प्रकरणात ते लागतं की नाही हे भाऊजींनी वकिलाला विचारावं, पण सहीच्या आधी विचारावं.

आणि त्या फटका मारणाऱ्या पोराचंही मला वाईट वाटतं, काकूला सांगू नका. पोलीस भरतीसाठी पहाटे चारला उठून पळणारं पोर. आता चारित्र्य पडताळणीत हे प्रकरण निघणार. विकासशी त्याचं आधीचं काही वैरही नव्हतं, दोघं मिळून गणपतीची वर्गणी गोळा करायचे.

करायचं काय, तर आधी न्यूरोलॉजिस्टला दाखवा आणि त्यांना "सीटी नॉर्मल आला" एवढंच सांगू नका. वास, राग, झोप, बागेतला घोळ, सगळं सांगा. सीटीत मेंदूतले बारीक तुटलेले धागे दिसत नाहीत. एमआरआय लागेल का ते विचारा, आणि स्मरणशक्तीची, लक्षाची सविस्तर तपासणी करणारा न्यूरोसायकॉलॉजिस्ट कुठे मिळेल तेही. मुंबईला हाजीअलीजवळ पुनर्वसनाची केंद्र सरकारची मोठी संस्था आहे, तिथे ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग आहे. गरज पडली तर राहायची सोय मीनामावशीकडे होईल. घरी गॅस त्याच्या एकट्याच्या भरवशावर नको. फवारणीचं औषध त्याने एकट्याने कालवायचं नाही, वास येत नाही हे विसरू नका. दिवसाचं काम पाटीवर लिहा, एका वेळी एकच, आणि झालं की त्यानेच खोडायचं. दुपारची झोप मोडू नका. दारू थेंबभरसुद्धा नाही. "थोडी घेतली की शांत झोपतो" असं तात्या म्हणाले, तेव्हा मी फोनवर गप्प बसले होते. त्याला आता थोडीही पूर्वीपेक्षा जास्त चढते, आणि फिट यायला तेवढं पुरतं.

दोन वर्षांपर्यंत सुधारणा होत राहते, त्यानंतरही थोडी थोडी. पूर्वीचा विकास जसाच्या तसा परत येईल, असं मी काकूला सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका.

मी जानेवारीत तीन आठवडे येतेय, तिकीट काढलं आहे. त्याआधी डिस्चार्ज कार्ड आणि सगळ्या रिपोर्टचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा, कार्डाच्या मागच्या बाजूचेसुद्धा. महत्त्वाचं बहुतेक तिथंच खरडलेलं असतं. आणि कॉफीचं काय झालं ते आजच कळवा.

तुमची,
सुनंदा