काही न घालता केलेली वाइन

ल्योन,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दत्ता,

फोन ठेवल्यापासून तुझं एकच वाक्य डोक्यात घोळतंय. "काही घालायचंच नाही म्हटल्यावर सोपंच की रे!" अर्ध्या एकराचा शिराझ द्राक्षाचा माल कंपनीला न देता ओळखीच्या वायनरीत एक टाकी मागून घ्यायची आणि नैसर्गिक रेड वाइन, म्हणजे विकतचं यीस्ट, गंधक काही न घालता, करून बघायची, हा बेत मला मनापासून आवडला. पण त्या "सोपं"ला मी फोनवर हो म्हणून गेलो, ते चुकलं. म्हणून लिहायला बसलोय.

सप्टेंबरात सुट्टी काढून मी बोजोले या वाइनच्या भागात द्राक्षतोडणीला गेलो होतो, विलिये-मोर्गाँ गावात. इथे वेलींना मांडव नाही की वाय आकाराचा आधार नाही. गामे जातीचं झाड गुडघ्याएवढं, त्यामुळे दिवसभर कमरेत वाकून काम. तोडणी हातानेच, कारण टाकीत घड अख्खा जायला हवा. माझ्या ओळीत साठीच्या एक बाई होत्या. त्या घड तोडला की आधी नाकाशी न्यायच्या, मग उलटा करून बघायच्या. एकदा माझ्या क्रेटमधला एक घड त्यांनी उचलला. वरून टवटवीत, काळाभोर. आत बोट घालून त्यांनी एक फुटका मणी बाहेर काढला आणि माझ्या नाकाखाली धरला. व्हिनेगरचा वास! तेवढे चार मणी कात्रीने उडवले आणि घड परत ठेवला. ज्या टाकीत गंधक (वाइन टिकवायला घालतात ते सल्फाइट) पडणार नसतं, तिथलं गंधकाचं काम असं बागेतच, हातांनी उरकावं लागतं.

या वाइनची सुरुवात ज्याच्यापासून धरतात तो ज्यूल शोवे (१९०७–१९८९) हा याच भागातला वाइनचा व्यापारी, पण रसायनशास्त्र कोळून प्यालेला. बागेतलंच रानटी यीस्ट, गंधकाशिवाय आंबवण, हे सगळं त्याने सूक्ष्मदर्शकाखाली बघून मांडलं. मार्सेल लापिएरने १९७३ मध्ये घरची बाग हाती घेतली, तेव्हा आजूबाजूला तणनाशक, विकतचं यीस्ट आणि टाकीत साखर असा मामला होता. शोवेची भेट झाल्यावर त्याने एकेक गोष्ट सोडली. फोयार, ब्रेतों, तेवने हे शेजारी मित्रही त्याच वाटेला लागले. लापिएर २०१० मध्ये गेला. मला या माणसांबद्दल फार आदर वाटतो, कारण कशाचा काय परिणाम होतो हे नीट कळल्यावर त्यांनी घालायचं थांबवलं.

टाकीत काय होतं ते ऐक. घड न चिरडता भरतात. तळाचे मणी वरच्या भाराने फुटतात, तो रस आपसूक आंबायला लागतो आणि कार्बन डायऑक्साइडने टाकी भरते. हवा तुटली की वरच्या अख्ख्या मण्यांच्या आतच विकरं (एन्झाइम्स) कामाला लागतात. यीस्ट नसतानाही मण्यात साधारण दोन टक्क्यांपर्यंत अल्कोहोल तयार होतं आणि मॅलिक आम्ल, म्हणजे द्राक्षातला एक आंबटपणा, कमी होतं. मग दाबयंत्र. त्यातून गळणाऱ्या कोमट, गोड, अर्धवट आंबलेल्या रसाला तिथले लोक 'पारादी' म्हणतात, म्हणजे स्वर्ग. मी पत्र्याच्या मगातून प्यायलो. जिभेवर बारीक बुडबुडे, आणि नुकत्याच फुटलेल्या जांभळासारखा वास. तुझी फार आठवण आली.

आता नाशिकचं. तुझा माल फेब्रुवारीत येतो, दुपारी ऊन चढलेलं असतं. उन्हात आम्ल घटतं, पीएच वर जातो, आणि मग जिवाणूंना रान मोकळं. म्हणून तोडणी पहाटे बॅटरीच्या उजेडात, आणि माल थेट शीतगृहात, हे आधी ठरव. दुसरं, भुरी रोगासाठी बागेत फवारलेलं गंधक मण्यावर राहिलं तर टाकीत सडक्या अंड्याचा वास सुटतो. (डावणी रोगावर तू मारतोस ते बोर्डो मिश्रण इथल्याच बोर्दो शहराच्या नावाचं, १८८५ सालचं. मोरचूद आणि चुना इथले सेंद्रियवालेही अजून मारतात.) आणि एक दोष असतो, त्याला 'उंदराची चव' म्हणतात. पेल्यात नाक घातलं तर काहीच कळत नाही. घोट गिळल्यावर लाळेने आंबटपणा कमी झाला की मगच तो घशातून वर येतो. म्हणून टाकीतली चव घेताना थुंकून लगेच पुढे जाऊ नकोस, थोडा थांब.

मागच्या मे महिन्यात मी आणलेली बाटली आठवते? तिच्यावर छापलं होतं, १४ अंशांच्या वर ठेवू नये. मी ती आठ दिवस तुमच्या पत्र्याच्या खोलीत राहू दिली. तू एक शब्द न बोलता पेला संपवलास. ते मला अजून लागतं, कारण कुणाची तरी वर्षभराची मेहनत मी नासवली होती.

म्हणून माझं ऐक. पहिल्या वर्षी बाटली भरताना थोडं गंधक, म्हणजे फवारणीचं नाही तर सल्फाइट, घाल. युरोपात कोरड्या रेडला लिटरमागे १५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. फ्रान्समध्ये २०२० पासून नैसर्गिक वाइनला वेगळं लेबल मिळतं, त्यातही ३० च्या आत चालतं. लापिएरच्या घरची मोर्गाँ वाइनसुद्धा दोन्ही तऱ्हांची निघते, बिनगंधकाची आणि किंचित गंधकाची. आपल्याकडे ट्रक उन्हात उभे राहतात, त्यामुळे यात कमीपणा काहीच नाही. यीस्ट मात्र विकत आणू नकोस, तुझ्या बागेतलंच राहू दे. दोन बादल्या आधी वेगळ्या आंबवून बघ, वास स्वच्छ आला तरच टाकी भर.

मी फेब्रुवारीत तीन आठवडे रजा टाकतोय, तोडणीला येतो. छाटणी कुठल्या तारखेला घेतलीस आणि गंधकाची शेवटची फवारणी कधी धरली आहेस, ते आठवणीने कळव. काकांना नमस्कार सांग, वहिनींनाही.

तुझाच,
श्रीकांत