शिष्यवृत्ती एकाला, खेळ चौघांचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हिवाळी ऑलिंपिक आले की आपल्या क्रीडा पानावर कर्लिंगचा एखादा फोटो हमखास येतो. बर्फावरून सरकणारा दगड आणि त्याच्यापुढे जीव खाऊन ब्रश घासणारे दोघे. मग पुढची चार वर्षे शुकशुकाट. त्याबद्दल तक्रार नाही, जागा कमी असते हे कळते. मला लिहायचे आहे ते या खेळात येणाऱ्या मुलांच्या पैशापाण्याबद्दल. माझा या खेळाशी संबंध आला मुलीमुळे. तिचा खेळ पुढे सुटला, मी मात्र क्लबात टिकले. आधी हिशेब ठेवायला आणि आता मदतीचे अर्ज चाळणाऱ्या समितीवर.

अर्ज चाळताना सतत खटकते ते हे, की जवळपास प्रत्येक शिष्यवृत्ती एकट्यादुकट्या खेळाडूच्या नावाने निघते. टेनिसला, पोहण्याला ते शोभते. कर्लिंगचा नेहमीचा संघ चौघांचा. लीडने पहिले दोन दगड टाकायचे, मग सेकंडने, मग व्हाइसने आणि शेवटचे दोन स्किपने, म्हणजे कप्तानाने. स्किप बहुतेक वेळ, दगड जिथे पोहोचवायचा त्या पलीकडच्या वर्तुळापाशी उभी राहून दिशा दाखवते, ओरडते. घाम गाळतात त्या झाडणाऱ्या दोघी. घासल्याने बर्फाचा पृष्ठभाग किंचित तापतो, घर्षण कमी होते, दगड लांब आणि सरळ जातो. पण ज्याच्या हाती ससा तो पारधी. फोटो स्किपचा, मुलाखत स्किपची आणि अर्जात ‘उल्लेखनीय कामगिरी’ या रकान्यात भरायला मजकूरही तिच्याकडेच. लीडने त्या रकान्यात काय लिहावे? ‘भरपूर झाडले’?

आमच्याकडच्या एका मुलींच्या संघात स्किपला घसघशीत शिष्यवृत्ती मिळाली. सगळ्यांना आनंद झाला. त्याच हंगामात सेकंडच्या घरच्यांना बाहेरगावच्या स्पर्धांचा प्रवास आणि मुक्काम झेपेना, तिने नाव मागे घेतले. नियमाप्रमाणे तिघींनाही खेळता येते, पहिल्या दोघी तीन-तीन दगड टाकतात. मात्र एकीने दगड सोडला आणि स्किप पलीकडे उभी राहिली की झाडायला एकच उरते. दोन स्पर्धांत त्यांचे खांदे गेले, मग संघच मोडला. शिष्यवृत्तीधारक स्किप दुसरा संघ शोधत हिंडत होती. पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही, तिच्या शिक्षणाला ते लागलेच. पण तेवढ्याच रकमेचे चार वाटे केले असते तर चौघी खेळत राहिल्या असत्या.

दुसरी अडचण त्याहून क्षुल्लक, म्हणून अधिक संतापजनक. ‘आधी खर्च करा, पावत्या जोडा, मग परतफेड.’ ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसे आहेत त्याला परतफेडीची निकड ती किती? पावत्यांच्या अटीपुढे सगळ्यात आधी गळतात ती खरी गरजू घरे. ती कधी भांडायला येत नाहीत, अर्जच करत नाहीत. आणि मग वर्षअखेर अहवालात लिहिले जाते की मागणी कमी होती!

खेळाडूला लागते तरी काय? दगड क्लबाचे असतात. नामांकित स्पर्धांचे दगड स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग बेटावरच्या ग्रॅनाइटचे, एकेक जवळपास २० किलोचा, नीट ठेवले तर वर्षानुवर्षे टिकणारे. खेळाडूचा स्वतःचा ब्रश आणि बूट, बस. बुटांत एका पायाला टेफ्लॉनचा गुळगुळीत तळ, दुसऱ्याला पकड घेणारे रबर. एका मुलाने साध्या बुटाच्या तळाला चिकटपट्टीचे थर देऊन काम भागवले होते. पट्टीची कड सुटली की तिच्यात बर्फाचा चुरा अडके, पाय तिरका होई आणि हॉग लाइनच्या, म्हणजे ज्या रेघेआधी दगड सोडावा लागतो तिच्या, बऱ्याच अलीकडे, दगड हातात धरूनच, तो थांबे. प्रशिक्षकाला वाटे तोल कच्चा आहे. त्याचा अर्ज मी नंतर काढून पाहिला. ‘स्वतःचे साहित्य आहे का?’ यापुढे त्याने ‘हो’ लिहिले होते.

सगळ्यांत महाग असतो तो बर्फ. तो गोठवून ठेवायचा, सपाट करायचा, वर पाण्याचे थेंब फवारून बारीक दाणे उठवायचे, तेव्हा कुठे दगड चालतो. म्हणून माझे मत असे की, अनुदानाचा मोठा हिस्सा बर्फाच्या वेळेसाठी थेट क्लबाला द्यावा आणि बदल्यात नवख्या मुलांसाठी ठरावीक तास मोकळे ठेवायला लावावेत. लहान मुलांसाठी निम्म्या वजनाचे दगड मिळतात, त्यांचा एक संच डझनावारी मुलांना पुरतो.

दक्षिण कोरियातल्या उइसाँगचे उदाहरण पाहा. लसणासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या छोट्या गावात २००६ मध्ये कर्लिंगचे केंद्र उभे राहिले, तिथे शाळकरी मैत्रिणी आणि बहिणी खेळायला लागल्या आणि त्यांच्या संघाने २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले. बर्फ होता म्हणून संघ झाला. त्याच वर्षाच्या शेवटी या मुलींना बक्षिसाचे पैसे आपल्या हाती पडले नाहीत, अशी जाहीर तक्रार करावी लागली आणि सरकारी चौकशीत ती खरी निघाली. तेव्हा क्लबाला पैसे द्या म्हणताना हिशेब खेळाडू आणि पालकांसमोर उघडा ठेवा, हेही त्याच दमात सांगायला हवे. हिशेब ठेवणारी म्हणून सांगते, त्याला फार कष्ट पडत नाहीत. सूचना फलकावर एक कागद पुरतो.

आमच्या अर्जातून ‘जिंकलेली पदके’ हा रकाना यंदा आम्ही काढला आणि ‘संघातले बाकी तिघे कोण, त्यांना काय कमी पडते?’ हा घातला. पावत्यांची अट मात्र अजून तशीच आहे. देणगीदारांशी माझी हुज्जत चालू आहे.

आपली,
एक वाचक आणि कर्लिंग क्लबातील स्वयंसेविका