बाथरूमच्या कामाआधी गरम पाण्याचा हिशेब: समितीला पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटी व्यवस्थापक समिती

विषय: बाथरूम नूतनीकरणाच्या परवानगी अर्जात गरम पाण्याची माहिती घेण्याबाबत

महोदय,

आमच्या बाथरूमच्या कामासाठी नुकताच परवानगीचा अर्ज भरला. वॉटरप्रूफिंग कोण करणार, राडारोडा कधी उचलणार, सगळं त्यात विचारलंय. गरम पाण्याबद्दल अवाक्षर नाही. तो ज्याच्या त्याच्या घरातला प्रश्न, असं समितीला वाटत असावं. तसं नाही, म्हणून हे पत्र.

सोलरचं पाणी कोमट येतं ही तक्रार जुनीच आहे. पॅनेल धुऊन झाले, टाकी तपासून झाली. माझा संशय नव्या मिक्सरांवर, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करून देणाऱ्या नळांवर आहे. हँड शॉवर बटणाने बंद करायचा आणि मिक्सरचे दोन्ही नळ उघडेच ठेवायचे, ही सवय पुष्कळांना असते. बाहेर थेंब येत नाही, पण आत गरम आणि थंड लाइन एकमेकींना जोडलेल्या राहतात. त्यात शॉवरला जोर यावा म्हणून कुणी थंड लाइनवर प्रेशर पंप बसवला असेल, तर थंड पाणी सरळ गरम लाइनमध्ये घुसतं आणि त्याच लाइनवरच्या दुसऱ्या घरात कोमट होऊन निघतं. मिक्सरच्या आधी गरम लाइनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, लावला की हे थांबतं. भिंत उघडी असताना हे प्लंबरचं किरकोळ काम आहे. टाइल लागल्यावर मात्र पुन्हा फोडाफोड. कुणा एका घराकडे माझं बोट नाही, हेही सांगून ठेवतो.

दुसरा मुद्दा विजेच्या गीझरचा. हौसेने मोठा रेन शॉवर घेतात आणि गीझर जुनाच ठेवतात. २५ लिटरच्या टाकीत ६० अंशांचं पाणी असलं आणि नळाचं २५ अंशांचं, तर अंघोळीजोगं ४० अंशांचं पाणी कागदावर सुमारे ५८ लिटर होतं. प्रत्यक्षात त्याहून कमीच. मिनिटाला १२ लिटर ओतणारा शॉवर ते पाच मिनिटांत संपवतो. मग साबण अंगावर असताना गीझर बदलायचा निर्णय होतो! इन्स्टंट गीझर हा त्यावर उपाय नव्हे: ३ किलोवॉटचा गीझर पाणी २० अंशांनी तापवायचं म्हटलं तर मिनिटाला दोन लिटरच्या आसपासच देतो. शेवटी ५० लिटरची टाकी येते. भरल्यावर तिचं वजन साठ किलोंच्या पुढे जातं, आणि ती टांगतात पातळ पार्टिशनच्या भिंतीवर, ज्या भिंतीपलीकडे कधी कधी शेजाऱ्याची खोली असते. जुन्या वायरिंगचं तर विचारूच नका.

फॉल्स सीलिंगच्या वर गीझर दडवणाऱ्यांनी निदान सीलिंगला उघडता येणारं झाकण ठेवावं. सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकायला लागला तर तो दिसला पाहिजे. गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवायला तर परवानगीच नको. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठून जीव जातो आणि त्याला वासही नसतो.

तरी अर्जात एवढं विचारावं: गीझर किती लिटरचा व किती किलोवॉटचा, कोणत्या भिंतीवर, स्वतंत्र वायर आणि अर्थिंग आहे का, सोलर लाइनवर एनआरव्ही कुठे, पंप लावणार का. टाइल लावण्याआधी सोसायटीच्या प्लंबरने एकदा येऊन पाहावं.

माझ्या अर्जाला ही माहिती व पाइपांचा कच्चा नकाशा जोडला आहे. आमची भिंत येत्या सोमवारी उघडेल आणि आठवडाभर उघडी राहील. प्लंबरला त्या दिवसांत पाठवावं.

आपला,
एक सभासद