पाकिटं कोठ्यातच आहेत

चि. मीनास अनेक आशीर्वाद,

रविवारी तू भरलं ताट सोडून गेलीस. आईनं ते दिवस बुडेपर्यंत झाकून ठेवलं होतं. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलो.

"बाबा, बिल कुठं आहे?" एवढंच तू विचारलंस. चोरबीटीला, म्हणजे या बिनमंजुरीच्या कापूस बियाण्याला, बिल नसतं, हे तुलाही माहीत अन् मलाही. ढेपेच्या पोत्यांमागं पाकिटं मीच दडवली होती. कृषी खात्यातल्या लेकीपासून बापानं बियाणं दडवलं, हे तुझ्या आईला फार लागलं.

मीना, पाच एकराच्या निंदणाला बाया मिळत नाहीत. झड लागली की बैलाचा डवरा चालत नाही अन् आठ दिवसांत तण कापसाच्या पऱ्हाटीला गिळतं. या वाणावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं तर तण जळतं, पऱ्हाटी उभी राहते. २०१९ च्या जूनमध्ये अकोटच्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं हेच बियाणं उघड पेरलं, तेव्हा मला ते पटलं होतं. तू म्हणालीस, केंद्राच्या समितीची मंजुरी नाही, १९८६ चा पर्यावरण कायदा आहे, अन् उद्या उगवलंच नाही तर दाद कुणाकडं मागाल? उत्तर नव्हतं, म्हणून ओरडलो.

पण माझ्या जिवाला घोर आहे तो दुसराच. भरारी पथकातून रात्री दीडला सुटतेस अन् स्कुटीवर एकटी खोलीवर जातेस. ज्यांचा माल धरता ती माणसं तुझी स्कुटी ओळखतात. सोबत शिपाई घे. साहेबांना तसं स्पष्ट सांगायला शीक. नोकरीत सगळीकडं पुढं होऊ नये, चार लोकांना धरून राहावं... जाऊ दे. पुन्हा भाषण झालं. माफ कर.

दामूकाकाची ती रात्र आठवते ना? २०१७ ची. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, अन् तो नाकाला दुपट्टा बांधून दोन औषधं एकत्र करून फवारत होता. डोळ्यापुढं अंधारी आली, तोंडाला फेस. त्या साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसावर माणसं गेली. आम्ही सगळे रडत होतो अन् तू बारावीतली पोर आजीचा चष्मा लावून, डब्यासोबतचं ते मुंगीएवढ्या अक्षरांचं घडीपत्रक कंदिलाशी धरून वाचत होतीस. जहाल विषाची खूण असलेला लाल त्रिकोण तूच दाखवलास. 'उतारा : अॅट्रोपिन' हे तूच वाचलंस अन् दवाखान्यात डॉक्टरपुढं तोच कागद धरलास. काका वाचला. तेव्हाच मी तुझ्या आईला म्हणालो होतो, ही पोरगी कुणाला सोडणार नाही.

आता बापालाही सोडत नाही, त्याचं वाईट वाटतं अन् छातीही भरून येते. दोन्ही खरं आहे.

पण रात्रीचं तेवढं ऐक. पुसद रस्त्यावर पुलाचं काम चालू आहे, तिथं उजेड नसतो.

दहापैकी दोन पाकिटं मृगाच्या पावसावर धुऱ्याकडच्या तासांत पेरली गेली. आठ कोठ्यातच आहेत, फोडलेली नाहीत. पंचनामा तुला करता येत नसेल तर साहेबांना पाठव, मी सही करीन. तू येणार असशील तर दिवसा ये. आई पुरण घालते म्हणते.

तुझा
बाबा