बोक्याचं कळवायचं राहिलं

दोस्ता,

तुझे चार मिस्ड कॉल, दोन व्हॉइस मेसेज आणि शेवटचा तो 'मेलास का रे' वाला मेसेज, सगळं बघितलंय. मी नाही मेलो. बोक्या गेला. आज २३ दिवस झाले.

हे असं फटकन लिहून टाकलं कारण तीन आठवडे मी हीच ओळ टाईप करतोय आणि खोडतोय. फोन करणार होतो, पण तुझा 'बोल रे' ऐकला की माझ्याच्यानं पुढे बोलवणार नाही हे माहीत होतं. मग एक दिवस उशीर झाला, मग चार दिवस, मग इतका उशीर झाला की उशीर का झाला हे सांगायचीच लाज वाटायला लागली. आणि मधे तू विचारलंस ना, बोक्या काय म्हणतोय, तेव्हा मी 'झोपलाय' लिहिलं. त्याला जाऊन तेव्हा दोन दिवस झाले होते. याला खोटं म्हणायचं का ते तूच ठरव. शिव्या घालायच्या असतील तर पत्र पूर्ण वाचून घाल, पुढे अजून एक कबुली आहे, दोन्हींच्या एकदमच घाल.

आईचे गुडघे तसेच. माझं बीपी गोळीनं बरं आहे. झालं हेल्थ बुलेटिन.

तर तुला शेवटचं माहीत होतं ते म्हणजे पाणी फार पितो आणि रात्री दोन-दोनदा बाहेर न्यायला उठवतो. तू म्हणालास, कुत्रा म्हातारा झाला, आमचे बाबा पण उठतात. मी हसलो आणि अजून एक महिना तसाच घालवला. तुझ्यावर ढकलत नाहीये. म्हणजे थोडंसं ढकलतोय. किडनी होती रे. डॉक्टर म्हणाले रिपोर्टमध्ये क्रिएटिनीन, म्हणजे किडनीनं रक्तातून गाळून टाकायचा कचरा, वाढलेलं दिसायला लागतं तोवर किडनीचं ७५ टक्के काम बंद पडलेलं असतं, त्याच्या आधी कळतच नाही फारसं. म्हणजे तो चपला पळवत होता, कुणी शिंकलं की भुंकत होता, सोफ्यावर चढून मग आपण बघतोय म्हटल्यावर निर्लज्जासारखा तिथंच डोळे मिटून घेत होता, तेव्हाही आत पाऊणभर कारभार आटोपलेलाच होता. पहिल्यांदा ३.४ आलं. शेवटच्या वेळी ७ च्या वर. ५ च्या पुढे गेलं की शेवटची स्टेज, एवढं मला आता झोपेत पण सांगता येतं.

घरीच सलाईन द्यायला शिकलो. शाळेत इंजेक्शनवाले आले की बाकाखाली लपणारा मी, तू मला पायाला धरून ओढून काढलंस ते मी विसरलेलो नाही. शिरेतून नाही द्यायचं, खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत धरून उचलायची, खाली जागा होते ना, त्यात सुई. पहिल्या दिवशी एका बाजूनं घालून दुसऱ्या बाजूनं बाहेर काढली आणि सगळं सलाईन माझ्या मांडीवर. तो मान वळवून माझ्याकडे बघत होता, रागानं नाही, बाबा रे शिकून ये जरा, असं. नीट गेलं की पाठीवर वशिंड यायचं, बैलासारखं. मग ते हळूहळू खाली ओघळत पुढच्या पायात उतरायचं आणि सकाळी एक पाय सुजल्यासारखा लोंबायचा, त्या लोंबत्या पायानं हा शेजाऱ्यांच्या दाराशी जाऊन सहानुभूती गोळा करायचा. नाटकी. तुझ्याकडूनच शिकला.

शेवटी शेवटी तोंडाला अमोनियाचा वास यायला लागला. तोंडात फोड आले. खाणं वास घेऊन सोडून द्यायचा, आणि मग आम्हाला वाईट वाटू नये म्हणून की काय, थाळीशेजारी बसून राहायचा.

नेटवर एक तक्ता मिळाला. ॲलिस व्हिलालोबोस म्हणून एक व्हेट आहेत, त्यांनी केलेला. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी, प्रत्येकीला १० मार्क, ७० पैकी ३५ च्या वर असेल तर चाललंय ते ठीक म्हणायचं. एकाच संध्याकाळी मी भरला तर २९ आले, तुझ्या वहिनीनं भरला तर ४१. आई म्हणाली शेपूट हलवतोय ना अजून, मग द्या की पैकीच्या पैकी. पेपर रिचेकिंगला आल्यासारखे आम्ही रात्री उशिरापर्यंत मार्कांवरून भांडलो, आवाज चढले, आणि ज्याचे मार्क तो टेबलाखाली माझ्या पावलावर हनुवटी ठेवून पडलेला. दुसऱ्या दिवशी वहिनीनं न सांगता परत भरला. तिचे पण २६ आले. तिनं कागद माझ्यासमोर ठेवला आणि अंघोळीला गेली, नळ बराच वेळ चालू होता.

त्यामुळे निर्णय चुकला का, लवकर केला का, उशीर केला का, हे आता मी स्वतःला विचारत नाही. खरंच नाही विचारत. मला वेगळंच खातंय आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

शेल्टरवाल्यांनी काय सांगितलं होतं आठवतं ना? कुणीतरी गाडीतून आणून सोडला, दार लावलं, गाडी निघाली आणि हा मागं धावत राहिला. त्याच्या आधीचं काही माहीत नाही, वय सुद्धा दात बघून अंदाजे तीन लिहिलेलं. आणि मग आपण शहाणे त्याला न्यायला गाडी घेऊन गेलो. घरी पोचलो तर हा उतरेचना. मी ओढायला लागलो तर तू माझ्यावर खेकसलास, तुझं टेन्शन त्याला कळतंय, तू वर जा. मी वर जाऊन खिडकीतून बघत होतो. अंधार पडला. गाडीत आतला दिवा लागला, विझला, परत लागला. दीड-दोन तासांनी तू जिन्यात दिसलास आणि मागून हा, दोरी सैल, जसा काही रोजचाच येतोय.

ॲडॉप्शनच्या कागदावर छापलेलं, पहिले ३ दिवस बावरतो, ३ आठवड्यांत रुळतो, ३ महिन्यांत घरचा होतो. घरचा तर तो आठवड्यातच झाला, पण गाडीच्या दाराशी आठ वर्षांत रुळला नाही. दार लागल्याचा आवाज आला की कान मागं. आपण आत असलो तरी. तू तर बघितलंयस.

तर त्या दिवशी दवाखान्यात. मी ठरवून गेलो होतो की एक सेकंद हात सोडायचा नाही. आणि तिथला मुलगा आला, चांगला होता पोरगा, म्हणाला पायाला कॅन्युला, म्हणजे इंजेक्शनसाठी शिरेत ती बारीक नळी, लावून आणतो मागच्या खोलीतून, दहा मिनिटं, तुम्ही इथंच बसा. आणि मी बसलो. कळतंय का तुला? मी बसलो. त्यानं उचलून घेतला, त्याच्या खांद्यावरून बोक्याचं तोंड माझ्याकडे, कान मागं, आणि ते ढकलायचं दार असतं ना दोन्हीकडे उघडणारं, ते लागलं.

तेवढ्यात काउंटरवर संमतीचा फॉर्म आला. त्यावर 'प्राणी' च्या रकान्यात कुणीतरी 'मांजर' लिहून मग खोडून 'कुत्रा' केलेलं. आठ वर्षं प्रत्येक वेळी हेच, फाईल मांजरांच्या कप्प्यात सापडायची, कुत्र्याचं नाव बोक्या ठेवणारा तू महान माणूस. आणि मी हसलो रे. सही करता करता मोठ्यानं हसलो, ती काउंटरवरची बाई दचकली. दाराच्या पलीकडे तो, आणि अलीकडे मी हसतोय.

नंतर डॉक्टरांना विचारलं की मागं मी येऊ शकलो असतो का. ते म्हणाले, विचारलं असतंत तर आलात असतात की.

त्या दहा मिनिटांचं काय करू मी? सगळे म्हणतात त्याला काही कळलं नसेल. अरे मी कुठले मोजे काढतो त्यावरून ऑफिसला चाललोय की त्याला फिरवायला, हे त्याला कळायचं. आणि पुन्हा कुणीतरी गाडीतून आणून सोडलं हे कळलं नसेल?

परत आणला तेव्हा मी खाली जमिनीवरच बसलो. त्यानं माझा तळहात हुंगला, दोनदा, मग हनुवटी त्यात ठेवली. आधी गुंगीचं इंजेक्शन, हनुवटी जड होत गेली, जीभ जराशी बाहेर. मग दुसरं, ते भुलीचंच औषध, डोस मोठा. डोळे मिटत नाहीत हे डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं, तरी मी दोनदा मिटवून बघितले. त्यांनी स्टेथोस्कोप लावला आणि मान हलवली. दुसऱ्या इंजेक्शनला एक मिनिट पण लागलं नाही, आणि ती दहा मिनिटं अजून संपलेली नाहीत.

मामांचा फोन आला होता, त्यांनी युधिष्ठिर ऐकवला. कुत्र्याला सोडून मी रथात चढणार नाही वगैरे. मी पण नसतो चढलो मामा, म्हटलं, पण मला रथ नव्हता आला, फॉर्म आला होता. ते गप्प झाले. ऑफिसात एक जण म्हणाला दुसरं पिल्लू आण, दुःख कमी होतं. दुसरा म्हणाला कुत्रंच होतं ना. गंमत म्हणजे या दुसऱ्याचा राग नाही आला, पहिल्याचाच आला.

झोप लागत नाही तेव्हा वाचत बसतो. जर्मनीत ओबरकासेलला १९१४ साली खाणीत एक कबर सापडली, १४,००० वर्षांपूर्वीची, एक पुरुष, एक बाई आणि शेजारी कुत्र्याचं पिल्लू, साधारण सात महिन्यांचं. दातांवरून कळलं की त्याला डिस्टेंपर, कुत्र्यांचा तो जीवघेणा साथीचा आजार, झाला होता, काही आठवडे आजारी होतं, आणि माणसांनी पाणी पाजून, ऊब देऊन, साफसफाई करून जपल्याशिवाय ते तितकं जगलंच नसतं. शिकारीला उपयोग शून्य. राखणीला शून्य. तरी जपलं. पहाटे तीन वाजता हे वाचून मी आईला उठवून सांगितलं. ती म्हणाली, मग? त्यात काय विशेष? आणि कूस बदलून झोपली.

तीच आई चपला अजून कपाटावर ठेवते. आठ वर्षांची सवय. आम्ही सगळेच ठेवतो, पाहुण्यांच्या सुद्धा वर जातात, आणि कुणी कुणाला म्हणत नाही की आता खाली ठेवल्या तरी चालतील. शिंक आली की आम्ही शिंकून झाल्यावर क्षणभर थांबतो. परवा मला सलग पाच आल्या, प्रत्येकीनंतर घर असं गप्प.

आता कबुली. तुझं ते तपकिरी जॅकेट. पहिल्या पगाराचं. जे मी हरवलं म्हणून तू सात वर्षं चारचौघांत मला चोर म्हणतोयस आणि मी आईची शपथ घेऊन नाही म्हटलं (आईला हे सांगू नकोस). तू सामान हलवलंस त्याच आठवड्यात ते पलंगाखाली सापडलं, उजवी बाही कोपरापर्यंत नव्हती. तू माझा जीव घेतला असतास म्हणून लपवलं. मग तो रोज ते ओढून बाहेर काढायचा आणि त्यावरच झोपायचा, म्हणून तेच त्याचं अंथरूण झालं. दवाखान्यात नेताना त्यातच गुंडाळून नेला होता. त्या मुलानं मागं नेला तो पण जॅकेटसकट. आता लगेच काही गोड बोलू नकोस की म्हणजे मी होतोच तिथं वगैरे. मी स्वतःला ते सांगून बघितलंय. शंभरदा मशीनमध्ये धुतलेलं जॅकेट, तुझा काय वास राहणार होता त्यात, उलट बरंच झालं. परत आणलं नाही. त्याच्याबरोबरच गेलं. पैसे मागू नकोस.

तुझं नवीन घराचं कुठवर आलं? वहिनींना नोकरीबद्दल अभिनंदन सांग, मी मेसेज करायला हवा होता. पिंट्याचा दात पडला तो फोटो बघितला, भारी दिसतोय, तुझ्यासारखाच. बाबांचं ऑपरेशन व्यवस्थित झालं ना? हे सगळं नीट विचारीन पुढच्या वेळी, आज होत नाहीये.

फोन करू नकोस, लिही. आणि एकच सांग. त्या दिवशी गाडीत दोन तास तू त्याच्याशी काय बोलत होतास? मी तेव्हा विचारलं तर म्हणालास, काही नाही, असंच. तोंड हलत होतं तुझं, खिडकीतून दिसत होतं मला. जेवढं आठवेल तेवढं लिही, फालतू असलं तरी.

तुझाच