तुटलेल्या इंटरनेट जोडणीचा भुर्दंड खेळाडूलाच का?

महोदय,

ऑनलाइन पोकरवरील आपला कालचा अग्रलेख वाचला. बंदी आली, प्रश्न मिटला, असा त्याचा एकंदर सूर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेला बंदीचा कायदा योग्य की अयोग्य, यात मी शिरत नाही. मात्र त्याआधी उघडपणे, कर भरून चाललेल्या खेळात ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांची दाद बंदीमुळे निकालात निघते, हे मला मान्य नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात एका कंपनीच्या स्पर्धेत माझ्या हाती राजांची जोडी होती आणि टेबलावर तिसरा राजा उघडला. मी पैज लावली, समोरच्याने ती वाढवली आणि तेवढ्यात पडद्यावर जोडणीचे चक्र फिरू लागले. टाइम बँकेतले, म्हणजे विचारासाठी मिळणाऱ्या जादा वेळेतले, सेकंद संपताच पत्ते आपोआप फोल्ड झाले, म्हणजे मी डाव सोडल्याचे धरले गेले, आणि मी परत येईपर्यंत उरलेल्या चिप्सही ब्लाइंडपोटी, म्हणजे आळीपाळीने सक्तीने लावाव्या लागणाऱ्या पैजांपोटी, झिजल्या होत्या. त्याच स्पर्धेत दुसऱ्या टेबलावर खेळणारे आमच्या आळीतले एक स्नेही त्याच मिनिटाला बाहेर फेकले गेले, कारण गावातला मोबाइल टॉवरच बंद पडला होता. दोघांनीही वेळेसह तक्रार केली. दोघांनाही शब्दशः एकच उत्तर आले, की इंटरनेटची जबाबदारी खेळाडूची. कंपनीचा सर्व्हर कोलमडला तर मात्र डाव रद्द करून पैजा परत करण्याची तरतूद त्याच नियमावलीत होती.

पूर्वी काही परदेशी संकेतस्थळांवर जोडणी तुटलेला खेळाडू त्याने तोवर लावलेल्या रकमेपुरता ऑल-इन, म्हणजे आणखी काही न लावता डावात कायम, धरला जाई. बाकीचे बाजूच्या पॉटसाठी, म्हणजे त्यानंतर लावलेल्या वेगळ्या रकमेसाठी, पुढे खेळत आणि मुख्य पॉटवरचा, म्हणजे तोवर जमलेल्या रकमेवरचा, त्याचा हक्क शाबूत राही. अवघड पैज समोर आली की काही जण मुद्दाम जोडणी तोडू लागले, म्हणून ती सोय मागे पडली. पण लबाडांना आवर घालायचा तर सवलत ठरावीक वेळाच द्यावी, एकाच भागातील अनेक खेळाडू एकदम तुटले तर स्पर्धा थांबवावी. घरच्या रमीत कोणी दार उघडायला उठले म्हणून आपण त्याचे पत्ते गोळा करत नाही.

सरकारने एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के करकपात लावली, १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी घेतला. एवढ्या काटेकोर वसुलीत जोडणी तुटल्यास काय करावे, याचा एक समान नियम मात्र कोणी घालून दिला नाही. आणि याच खेळांच्या पानभर जाहिराती आपल्याच अंकात छापून येत होत्या, तेव्हा अग्रलेख लिहावासा वाटला नाही, याचे वाईट वाटते.

निदान आता तरी आपण एक मागणी लावून धरावी. प्रलंबित तक्रारींतील प्रत्येक डावाची, जोडणी तुटल्याच्या वेळेसह असलेली नोंद खेळाडूला मिळावी, आणि तोपर्यंत कोणत्याही कंपनीला ती पुसता येऊ नये.

आपला,
एक नियमित वाचक, चिपळूण