कबड्डीतला मार आणि साधा दिसणारा डोळा

संपादक महोदय,

चढाईपटूला पकडताना बचावपटूच्या डोळ्यावर अनेकदा गुडघा किंवा कोपर बसतो. डोळा ज्या हाडाच्या खोबणीत बसतो, तिचा तळ जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. दाबाने तो खाली, गालाच्या सायनसमध्ये, म्हणजे हाडातल्या हवेच्या पोकळीत, फुटतो. मोठ्यांचा डोळा काळानिळा होतो, म्हणून दवाखाना गाठला जातो. शाळकरी मुलांचे हाड लवचिक असते. ते वाकून परत मिटते आणि डोळा हलवणारा स्नायू फटीत चिमटला जातो. डोळा पांढरास्वच्छ दिसतो, पण मुलाला वर पाहता येत नाही. प्रयत्न केला की मळमळते, उलटी होते, नाडी मंदावते. याला फक्त डोक्याचा मार समजून रात्रभर नुसते लक्ष ठेवले, तर अडकलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. शस्त्रक्रिया २४ ते ४८ तासांत व्हायला हवी. साध्या एक्स-रेत हे निसटते. खोबणीचा सीटी स्कॅनच करावा.

प्रशिक्षकांनी मैदानावरच मुलाचे डोके स्थिर धरून, समोर बोट वर-खाली फिरवून पाहावे. एकाची दोन बोटे दिसतात का, गाल बधिर झाला का, हे विचारावे. आणि नाक अजिबात शिंकरू देऊ नये. सायनसमधली हवा खोबणीत शिरून पापणी टम्म फुगते.

– एक नेत्रतज्ज्ञ, सांगली